बारावं उड्डाण

रेडिओने उडवायचं आमचं छोटं विमान पडलं तेव्हा दुपारचे सव्वाबारा वाजले होते आणि हातातल्या रेडिओवरचा टायमर ६ मिनिटं ५० सेकंदांवर होता. हे दोन आकडे मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवले. सगळा उलगडा त्या दोन आकड्यांतच होता, पण ते लक्षात यायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात आम्ही पवनचक्क्यांना दोष दिला, बॅटरीला दिला, माझ्या अंगठ्यांनाही दिला.

जागा कवठे महांकाळच्या पुढे, ढालगावच्या बाजूचं माळरान. सांगलीहून गाडीने तासाभराची वाट. पलीकडच्या टेकाडांवर पवनचक्क्यांची रांग, अलीकडे द्राक्षबागा आणि मध्ये खुरटं गवत असलेली मोकळी जमीन. एप्रिलचा महिना होता. बागांमध्ये खरड छाटणी चालू होती, म्हणजे माणसं होती. आमच्यात आणि बागेत दीडेकशे मीटर अंतर असेल. पश्चिमेचा वारा गरगरत येत होता. विमान मी माझ्या डावीकडे, साधारण ४० मीटर उंचीवर, सावकाश डाव्या वळणात घातलं होतं. वळण संपवायला रेडिओची काडी उजवीकडे केली, विमान वळलेलंच राहिलं. मोटरचा आवाज थांबला. मी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकललं, एलेव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीची, काडी पोटाशी ओढली, काही नाही. ते तसंच कललेलं, गोल फिरत खाली येत राहिलं. चार-पाच सेकंद गेले असतील. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर असताना एलेव्हेटरने एकदम वर उसळी मारली, नाक थोडं उचललं, आणि बागेच्या कडेच्या दगडी बांधाला लागून विमान थांबलं.

सर्वांत जवळचा छाटणीवाला तिथून सत्तर-ऐंशी पावलांवर होता. २.६ किलोची वस्तू ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळली तर तिची ऊर्जा ३६० ज्यूलच्या आसपास भरते. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या ही साधारण तिप्पट. हा हिशोब मी घरी येऊन केला. आधी केला असता तर वाऱ्याच्या दिशेला बाग असताना त्या दिवशी उडवलंच नसतं.

विमान आणि त्याची ओळख बदलणं

हे काही विकत घेतलेलं फोमचं खेळणं नव्हतं. बाल्साच्या हलक्या लाकडाचं, वरच्या पंखाचं शिकाऊ विमान, पंखांचा विस्तार १६० सेंटिमीटर, पंखाची रुंदी साडेअठ्ठावीस. मूळ बांधणी काकांची. काका म्हणजे सख्खे नव्हेत. कुपवाडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य काढलेले, आता निवृत्त, आणि आमच्या चार-पाच जणांच्या टोळक्यात एकटे असे ज्यांनी ग्लो इंजिनाचा काळ पाहिलाय. विमानाच्या नाकावर ६.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन होतं. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल मिसळलेलं इंधन, तो गोडसर धूर, उडवून झाल्यावर तेलाने चिकट झालेलं पोट पुसत बसणं. इंधन मिळायची मारामार झाली तसं विमान माळ्यावर गेलं. तिथून मी ते मागून आणलं, इलेक्ट्रिक करायचं म्हणून.

काका तेव्हा एवढंच म्हणाले, "ने, पण इंजिन काढशील तेव्हा जपून काढ. ते नुसतं इंजिन नसतं."

मला वाटलं, त्यांना फायरवॉलबद्दल म्हणायचंय. कारण पहिला त्रास तिथेच झाला. ज्या प्लायवूडच्या भिंतीवर इंजिन बसतं ती वर्षानुवर्षं तेल पिऊन काळी पडली होती. तेलकट लाकडाला अ‍ॅराल्डाइट धरत नाही. वरून घट्ट वाटतं आणि पहिल्या धक्क्याला पापुद्र्यासारखं सुटतं. थिनर लावायचं, त्यावर टाल्कम पावडर थापायची, पावडर तेल ओढून पिवळी झाली की झटकायची, पुन्हा थिनर. सात वेळा केलं. आठव्या वेळी पावडर पांढरीच राहिली.

मग मोटर. विमान अडीच किलोच्या पुढे जाणार हे धरून किलोला २०० वॅट हवेत असा माझा अंदाज. शिकाऊ विमान दीडशेवरही उडतं, पण वाऱ्यात थोडी ताकद हाताशी असलेली बरी. ४२ मिलिमीटर जाडीची, ८०० केव्हीची ब्रशलेस मोटर घेतली. केव्ही म्हणजे बिनओझ्याच्या मोटरचे दर व्होल्टामागे फेरे. चार सेलची ४००० एमएएचची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, मोटरची वीज कमी-जास्त करणारा ६० अँपिअरचा ईएससी आणि १२ बाय ६ चा इलेक्ट्रिक प्रॉप, म्हणजे नाकावरचा बारा इंच व्यासाचा पंखा. जुना १० बाय ६ चा प्रॉप इथे चालला नसता. इंजिनाला जोर यायला फेरे चढावे लागतात, म्हणून त्याचा प्रॉप लहान. मोटर कमी फेऱ्यांतही जोर देते, तिला मोठं पातं पेलतं आणि तेच जास्त कामाचं. फक्त बारा इंची पात्याचं टोक जमिनीपासून जेमतेम तीन सेंटिमीटर राहिलं, म्हणून पुढचं चाक एका मापाने मोठं केलं.

वॅटमीटर लावून पूर्ण थ्रॉटल दिलं: १४.५ व्होल्ट, ४५ अँपिअर, म्हणजे ६५० वॅट. किलोला अडीचशे. मी खूश. ही चाचणी वीस सेकंदांची होती, आणि झाकण उघडं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

इंजिन, मफलर, टाकी, थ्रॉटलचा सर्व्हो (हुकमावर दांडी हलवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हरची, म्हणजे रेडिओचे हुकूम घेणाऱ्या विमानातल्या भागाची, स्वतंत्र बॅटरी, एवढं सगळं निघालं. मोटर हलकी असल्याने लिपो शक्य तितकी पुढे, टाकीच्या कप्प्यात सरकवली. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ८० मिलिमीटरवर, मूळ आराखड्यात होता तिथेच आणला. दर वेळी रबरबँड सोडून पंख काढावा लागू नये म्हणून नाकाच्या वरच्या अंगाला लोहचुंबकाचं झाकण केलं. ईएससीही त्याच कप्प्यात, लिपोच्या खाली, फोमच्या गादीवर.

शिवाय हौस. मूळ विमानात दोन्ही एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांच्या मागच्या फळ्या, एकाच सर्व्होवर होते. मी दोन स्वतंत्र सर्व्हो बसवले, म्हणजे उतरताना दोन्ही खाली करून फ्लॅपसारखे वापरता येतील. एलेव्हेटरचा सर्व्हो डिजिटल केला. काम सुंदर झालं होतं. पोट पुसायला नको, कपड्यांना वास नको, आणि माळावर पोहोचल्यावर दोन मिनिटांत हवेत.

(इंजिनाच्या सांगाड्यात मोटर घालण्याची ही खोड नवी नाही. इलेक्ट्रिक मोटरवर रेडिओने चालवलेल्या विमानाचं नोंदलेलं पहिलं उड्डाण ब्रिटनमध्ये ३० जून १९५७ रोजी कर्नल टॅपलिन यांनी केलं, त्यांच्या 'रेडिओ क्वीन'वर. ते विमानही मुळात डिझेल इंजिनासाठी बेतलेलं होतं. बॅटरी सिल्व्हर-झिंकची.)

नियमांबद्दल एकच सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांमध्ये आपली ही विमानंही येतात. २५ किलोपर्यंतचं, शिक्षण-संशोधन-करमणुकीसाठी आणि नजरेच्या टप्प्यात चालवलं जाणारं यंत्र 'मॉडेल' या व्याख्येत बसतं, आणि २ किलोंच्या वर गेलं की वजनाचा वर्ग 'मायक्रो'वरून 'स्मॉल' होतो. सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा नकाशा उघडून जागा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते बघूनच निघायचं. आमची होती. पडण्याचा आणि नियमांचा संबंध नव्हता.

अकरा बरी, बारावं नाही

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात अकरा उड्डाणं झाली. सगळी सकाळी आठ-नऊच्या सुमारास, अंगात स्वेटर असताना. नवं विमान म्हणून टायमर सहा मिनिटांवर लावलेला. उतरल्यावर लिपोत निम्म्याहून जास्त शिल्लक असायची, म्हणून एप्रिलमध्ये टायमर आठवर नेला. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, त्यामुळे खंड. बाराव्या खेपेला निघायलाच उशीर झाला, पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं.

आता वहीतले दोन आकडे पुन्हा वाचा. भर दुपार. आणि ६ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे हे विमान त्याआधी एकदाही जितका वेळ हवेत नव्हतं तितका. हे मी आत्ता इतक्या ऐटीत लिहितोय. तेव्हा बांधापाशी उभे राहून आम्ही काय बोललो ते असं.

बागेचे मालक धावत आले. आधी माणसं बघितली, मग वेल, मग विमान. म्हणाले, "पवनचक्कीच्या तारांनी ओढलं असणार. हितं रेडिओबी खरखरतो." आमच्यातल्या एकालाही ते पटलं. खरं तर ते पटण्यासारखं नव्हतं. विजेच्या तारांची खरखर मध्यम लहरींच्या रेडिओत येते. आपला रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर, तोही दर क्षणी लहर बदलत चालणारा. त्याच जागेवर अकरा वेळा काही झालं नव्हतं. तरी पुढच्या रविवारी फक्त रिसीव्हर घेऊन गेलो, रेडिओ कमी ताकदीच्या चाचणीवर ठेवून तीस पावलांच्या पुढे चालत गेलो. सर्व्हो न अडखळता हलत होते. पवनचक्क्या निर्दोष सुटल्या.

दुसरा संशय बॅटरीवर. "संपली असेल, टायमर वाढवला होतास ना?" लिपो फुगली नव्हती, पण आपटलेली लिपो चार्जरला लावायची नसते, म्हणून नुसता सेलमापक लावला. ३.८१, ३.८२, ३.८१, ३.८०. म्हणजे निम्म्याला थोडी कमी. साठवणीला ठेवतात तितका दाब. आणि समजा संपलीच असती, तर ईएससी फक्त मोटर बंद करतो. सर्व्होंना पाच व्होल्ट देत राहतो, नेमकं उतरता यावं म्हणून. माझी मोटरही गेली आणि सुकाणूही गेलं, एकाच क्षणी.

तिसरा संशय माझ्यावर, आणि तो मी स्वतःच घेतला. वाऱ्याच्या दिशेने जाताना जमिनीवरचा वेग जास्त दिसतो, हात आपोआप थ्रॉटल कमी करतो, आणि विमान हवेत अडखळतं. हे प्रत्येक नवख्याने केलेलं असतं. पण असं अडखळलेलं विमान एका बाजूला कोसळतं, कललेलं, नीटनेटकं गोल गोल उतरत नाही.

काका तेव्हा काही बोलले नव्हते. त्यांनी प्रॉप उचलला आणि मला दाखवला. एक पातं मुळापासून तुटून कुठेतरी उडालेलं, दुसऱ्यावर ओरखडाही नाही. "फिरत असता तर दोन्ही पाती गेली असती," ते म्हणाले. "जमिनीला लागायच्या आधीच मोटर थांबली होती. आणि तू म्हणतोस, शेवटी एलेव्हेटर हललं. मग मोटर का नाही हलली?"

हा प्रश्न मी घरी घेऊन गेलो.

उत्तर तसं सोपं होतं, फक्त उलटं वाचायला हवं होतं. ईएससीला वीज नव्याने मिळाली की तो थ्रॉटल शून्यावर दिसल्याशिवाय मोटर चालू करत नाही. हात कापू नये म्हणून ती सोय. माझं थ्रॉटल घाबरून पूर्ण पुढे होतं. तेव्हा वीज जाऊन परत आली असेल, तर एलेव्हेटर जागं होणार आणि मोटर झोपलेलीच राहणार. अगदी तसंच झालं होतं. मधल्या चार-पाच सेकंदांत रिसीव्हर बंद होता. सर्व्हो होते त्या जागी थबकले, म्हणून वळण वळणच राहिलं. वीज आली, रिसीव्हरने रेडिओ पुन्हा ओळखला, पोटाशी ओढलेली काडी त्याला दिसली, आणि उसळी.

मग पाच व्होल्ट गेले कुठे?

टेबलावर

ईएससीच्या आत बीईसी नावाचा छोटा भाग असतो. मोठ्या लिपोचे व्होल्ट खाली आणून तो रिसीव्हर आणि सर्व्होंना देतो, म्हणून वेगळी बॅटरी लागत नाही. माझ्या ईएससीच्या वेष्टनावर ठळक छापलं होतं: ५ व्होल्ट, ३ अँपिअर. विकत घेताना मी तेवढंच वाचलं. मला वाटलं, चार सर्व्हो, तीन अँपिअर, भरपूर झालं.

बीईसी दोन जातींचे. एक स्विचिंग, तो वीज तुकड्यातुकड्याने देऊन व्होल्ट उतरवतो आणि फार तापत नाही. दुसरा लिनिअर, तो जास्तीचे व्होल्ट सरळ उष्णता करून उधळतो. माझा लिनिअर. तीन सेलवर १२ व्होल्टचे ५ करायचे तर ७ व्होल्ट उधळायचे. मी बसवले होते चार सेल. उडताना १५ ते १६ व्होल्ट धरले तर ११ व्होल्ट उधळायचे, आणि जितके अँपिअर सर्व्हो ओढतील तितक्याने गुणायचे. एक अँपिअर ओढला की ११ वॅट. आपल्या देवघरातला जुना झिरोचा बल्ब साधारण तेवढीच वीज खातो. तो बल्ब काड्यापेटीएवढ्या वस्तूत, फोमच्या गादीवर, लिपोच्या खाली दाबून, बंद कप्प्यात लावल्यासारखं झालं.

वेष्टनाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तक्ता होता. दोन सेलवर पाच सर्व्हो, तीन सेलवर चार, चार सेलवर तीन. मी चार सेलवर चार लावले होते, त्यातला एक डिजिटल. तीन अँपिअर ही त्याची क्षमता खरी, पण ती दोन सेलवरची, आणि वारा लागत असताना. ठळक अक्षरं विकण्यासाठी असतात, बारीक अक्षरं विमान पाडतात.

पण एवढ्यावर मला थांबायचं नव्हतं. अकरा उड्डाणं याच ईएससीवर झाली होती, तेव्हा एक अँपिअर खरंच जात होता का? मल्टिमीटर ईएससीकडून रिसीव्हरला जाणाऱ्या तांबड्या तारेत घातला. चारही सर्व्हो स्वस्थ असताना ५०-६० मिलिअँपिअर दिसायला हवे होते. दिसले ३५०. काडीला हातही लावलेला नव्हता. कान लावला तर एलेव्हेटरचा सर्व्हो मंद घुमत होता. कारण शेपटीकडे जाणारी दांडी. लिपोला जागा करताना मी सर्व्होंची फळी दीड सेंटिमीटर मागे सरकवली होती, त्यामुळे दांडी नळीत किंचित वाकून बसत होती. हाताने हलवून ती मोकळी वाटायची. डिजिटल सर्व्हो मात्र आपल्या जागेपासून केसभर सरकलेलं सहन करत नाही. तो सतत ढकलत राहतो, आणि सतत वीज खातो. जुना साधा सर्व्हो एवढ्या फरकाकडे दुर्लक्ष करून गप्प बसला असता.

दोन्ही काड्या वाऱ्यात ढवळतो तशा ढवळल्या, तर सरासरी एक अँपिअर. त्या दुपारी वारा होता, हात सतत चालू होते.

विमानाचं नाक तुटलेलं, म्हणून तेवढ्याच मापाचा पुठ्ठ्याचा कप्पा केला. ईएससी फोमवर, वर लिपोच्या मापाची लाकडी वीट, झाकण बंद. मोटरचा दांडा वाकला होता, तिला जोडता आलं नाही. म्हणजे मोटरच्या विजेने ईएससी जो तापतो तो भाग या चाचणीत आलाच नाही. खोलीत ३३ अंश. मी काड्या ढवळत बसलो, मुलगी मिनिटामिनिटाला तापमान लिहीत होती. नवव्या मिनिटाला वेष्टनावर ८१ अंश. बाराव्याला ९२. चौदावं मिनिट उलटताना मुलगी म्हणाली, "बाबा, लाइट गेला." रिसीव्हरचा दिवा विझला होता. चारही सर्व्हो थिजलेले. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन, आणि चारला दिवा परत आला. या प्रकारच्या चिप साधारण १५० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवायला बंद होतात आणि थोड्या निवल्या की पुन्हा चालू होतात. चिप वाचते. विमानाचं काय ते तिला ठाऊक नसतं.

पुठ्ठ्याचं झाकण काढून, पंखा लावून तीच चाचणी अर्धा तास केली. दिवा एकदाही गेला नाही.

तेव्हा मला काकांचं ते वाक्य कळलं. इंजिन नाकाबाहेर उघड्या वाऱ्यात असतं, त्यामुळे आतल्या कप्प्याला हवेची गरज नव्हती. उलट इंधन आत शिरू नये म्हणून तो कप्पा मुद्दाम बंद बांधलेला असतो. मी पुढे दोन भोकं पाडली होती, मागे एकही नाही. हवेला आत यायला दार होतं, बाहेर पडायला नव्हतं, म्हणजे ती आत आलीच नाही. आणि इंजिन बंद पडलं तरी रिसीव्हर स्वतःच्या बॅटरीवर चालू राहायचा. इंजिनाचं विमान हवेत बंद पडणं ही रोजची गोष्ट होती. काकांच्या पिढीने त्यावरच उतरायला शिकलंय. मी ती बॅटरी वजन वाचवायला काढली. वॅटचा हिशोब मी प्रॉपसाठी दशांशापर्यंत केला होता, रिसीव्हरसाठी एकदाही नाही.

कोणतं एक कारण? मला तसं सांगता येत नाही. दांडी मोकळी असती तर कदाचित आठ मिनिटंही निघाली असती. थंडीची सकाळ असती तरी निघाली असती. साधा सर्व्हो, तीन सेल, मागे दोन भोकं, यांतलं काहीही एक असतं तरी बारावं उड्डाण आधीच्या अकरांसारखंच झालं असतं, आणि मग पंधरावं किंवा विसावं पडलं असतं, कदाचित बागेत माणसं जास्त जवळ असताना.

दुरुस्ती, आणि एक वाद

नाक नव्याने बांधलं. प्लायवूडचा एक थर जास्त, अर्थात ६० ग्रॅम जास्त. दांडीची नळी नव्या रेषेत बसवली. स्वस्थ असतानाचा प्रवाह ५५ मिलिअँपिअरवर आला. ईएससी कप्प्यातून काढून नाकाच्या खाली, पुढच्या भोकांच्या अगदी मागे, वाऱ्याच्या तोंडावर नेला. पंखामागे पोटाला खाच पाडली, पुढच्या भोकांच्या एकूण क्षेत्रफळाच्या दुप्पट. हे प्रमाण काही कोरीव लेखातलं नाही, पण तापलेली हवा पसरते, तिला जास्त जागा लागते, एवढं पुरे.

वाद झाला तो विजेवरून. मी ५ अँपिअरचा स्विचिंग बीईसी आणला होता, साडेपाचशे रुपयांचा. ईएससीच्या तांबड्या तारेची पिन काढून टेप लावायची, आणि हा वेगळा बीईसी लिपोवरून थेट रिसीव्हरला द्यायचा. आजकाल सगळे हेच करतात, आणि ते चांगलं चालतं.

काका म्हणाले, "आणि लिपोचा कनेक्टर निसटला तर?"

"काका, तो कधी निसटत नाही हो."

"बीईसी कधी बंद पडत नाही म्हणून तूच सांगत होतास ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण हट्ट होता. त्यांना हवी होती जुन्या पद्धतीची पाच सेलची निकेल-मेटल-हायड्राइड, ६ व्होल्टची, १४० ग्रॅमची. मी म्हणालो, १४० ग्रॅम उगाच ओझं. शिवाय ती वेगळी चार्ज करायची आठवण ठेवायची, तिचा स्विच चालू करायची आठवण ठेवायची. तुमच्याच काळात निम्मी विमानं ती चार्ज करायला विसरल्याने पडली ना? त्यांनी ते नाकारलं नाही. तीन त्यांचीच होती म्हणाले.

वाद मिटवला तोलाने. नव्या नाकाचे ६० ग्रॅम तोलबिंदूच्या ३० सेंटिमीटर पुढे आले होते. ६० गुणिले ३०, अठराशे. विमान नाकाने जड झालं होतं आणि शेपटीत शिसं घालावं लागणार होतं. काकांनी त्यांची बॅटरी पंखाखाली, तोलबिंदूच्या मागे १३ सेंटिमीटरवर धरली. १४० गुणिले १३, अठराशे वीस. त्यांनी विमान पंखाखाली दोन बोटांवर उचललं. ते सरळ राहिलं. वजन वाढलं म्हणजे किती, तर २.८ किलो, किलोला २३२ वॅट अजूनही होतेच. मी स्विचिंग बीईसी खणात ठेवून दिला, पुढच्या फोमच्या विमानाला होईल म्हणून.

रेडिओच्या पाठीला पांढरी पट्टी चिकटवली, तिच्यावर तीन ओळी: रिसीव्हर पॅक चार्ज, रिसीव्हर स्विच, मग लिपो. लिपो नेहमी शेवटी, कारण ती जोडली की प्रॉप जिवंत असतो. इंजिन चालू करायला निदान प्रॉप लाकडी काडीने ढकलावा तरी लागायचा.

जमिनीवरची चाचणी या वेळी भर उन्हात, झाकण लावून, दहा मिनिटं. काका शेपूट धरून बसले, मी थ्रॉटल वर-खाली करत काड्या ढवळत राहिलो. वेष्टनावर ६४ अंश. आतल्या बीईसीला आता कामच नव्हतं. ती सगळी उष्णता मोटरच्या विजेची.

तेरावं उड्डाण जूनच्या पहिल्या आठवड्यात, ढग जमायला लागले होते तेव्हा. बागेच्या विरुद्ध बाजूला, वारा बागेकडून आमच्याकडे असताना. आठ मिनिटं पाच सेकंद. उतरल्यावर ईएससी ५२ अंश, रिसीव्हर पॅक ६.३ व्होल्ट. मी वहीत लिहीत असताना बागेचे मालक मोटारसायकलवरून आले. त्यांनी खिशातून काळं, हातभर नाही पण वीतभर लांबीचं पातं काढलं. छाटलेल्या काड्या गोळा करताना मांडवाच्या तारेला अडकलेलं सापडलं होतं म्हणाले. मग विमानाभोवती एक फेरी मारून विचारलं, "ह्यानं औषध मारता येतंय का?"

"नाही ओ दादा. एवढं वजन उचलणार नाही."

"मग नुसतं उडवायचंच?"

काका हसले. मी पातं उलटून पाहिलं. मुळाशी तुटल्याची कडा स्वच्छ होती, एका बाजूने वाकून मोडल्यासारखी. फिरत असताना तुटलेल्या पात्याची अशी नसते.